चोपचिनी, पेज आणि गार्सिया द ओर्ता

१० एप्रिल १५६३ या दिवशी गोव्यात एक पुस्तक छापून पूर्ण झालं. भारतात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती आणि त्यातून निघालेली पुस्तकं बहुतेक धर्माची होती. हे पुस्तक मात्र हिंग, मिरी, आंबा, नारळ, भांग, धोतरा, अफू यांचं. भारतात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांबद्दल पोर्तुगीज भाषेत लिहिलेलं आणि सगळं संवादांतून सांगितलेलं. लेखक गार्सिया द ओर्ता, वय साठीच्या आसपास, गोव्यातला नावाजलेला डॉक्टर. छपाईच्या चुका इतक्या झाल्या की शेवटी शुद्धिपत्राची पानंच्या पानं जोडावी लागली. (आपल्या अंकाच्या संपादकांनी हे वाचून धीर धरावा.)

इतिहासाच्या तासाला हे नाव एकदा कानावरून गेलं होतं. पण मी खरी त्याच्यापर्यंत पोहोचले ती चोपचिनीच्या पुडीमुळे.

आमचं मूळ वसईचं. पप्पांच्या नोकरीमुळे घर सध्या हैदराबादला, दिलसुखनगरमध्ये. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: मेट्रोच्या जिन्यावरून खाली उतरलं की समोर कोचिंग क्लासचे फलक, त्यांच्या वर लेडीज हॉस्टेलचे फलक, आणि त्यांच्याही वर कुठल्यातरी परीक्षेत पहिल्या आलेल्यांचे फोटो. माझी मावसबहीण आमच्याकडे राहून तिथेच एका परीक्षेची तयारी करतेय. तिला पीसीओडी आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं, वजनावर लक्ष ठेवायला सांगितलं. ते ती करतेच. शिवाय तिने आतड्यांचं आरोग्य आणि हार्मोनचं संतुलन यासाठी पारंपरिक चिनी आहारपद्धतीही सुरू केली.

या पद्धतीचा गाभा थोडक्यात असा. चिनी वैद्यकात पचनाची जबाबदारी जठर आणि प्लीहा यांच्यावर टाकलेली असते. (आपल्या शरीरशास्त्रातली प्लीहा वेगळी. तिचा पचनाशी तसा संबंध नाही.) गार, कच्चं, अतिगोड खाल्लं की प्लीहा थकते, शरीरात ओल साचते आणि त्यातून जडपणा, सूज, पाळीच्या तक्रारी सुरू होतात, अशी मांडणी. म्हणून फ्रिजचं पाणी बंद, सॅलड बंद, आलं घालून गरम गरम खायचं, आणि सकाळी तांदळाची पातळ ‘काँजी’. माझ्या बहिणीने त्याचं तयार पाकीट मागवलं. ज्या दिवशी ते आलं त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या तेलुगू काकूंनी ताप आलेल्या नातवासाठी गंजी शिजवली होती. दोन्ही भांडी मी पाहिली. रंग एक, वास एक. आणि वसईला आजी हेच करायची, तिला आम्ही पेज म्हणायचो.

काँजी हा शब्दही चिनी नाही. दक्षिण भारतातला ‘कंजी’ पोर्तुगीजांनी उचलला, त्यांच्याकडून तो इंग्रजीत गेला आणि इंग्रजीने तो चिनी पेजेला चिकटवला. युरोपीय भाषेतल्या त्याच्या जुन्या लेखी नोंदींपैकी एक गार्सियाच्या पुस्तकात आहे. पटकीच्या रोग्याला इथले लोक मिरी आणि जिरं घातलेलं तांदळाचं पाणी देतात आणि त्याला कांजी म्हणतात, असं त्याने लिहून ठेवलंय.

पाकिटासोबत एक चूर्णाची पुडीही आली होती. वर मोठ्या अक्षरांत हार्मोन बॅलन्स, मागे बारीक अक्षरांत चोपचिनी. आता या चोपचिनीवर १५६३ च्या त्या पुस्तकात एक अख्खा संवाद आहे. तिथून मी गार्सियाच्या मागे लागले आणि मग सुट्टी त्याच्यातच गेली.

त्याचा जन्म साधारण १५०१ सालचा, स्पेनच्या हद्दीला लागून असलेल्या कास्तेलो दे विदे या पोर्तुगीज गावातला. आईवडील स्पेनमधले ज्यू. १४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा असं फर्मावलं, तेव्हा ते सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. पाच वर्षांनी तिथेही तेच झालं, फक्त या वेळी देश सोडायची मुभाही जवळजवळ नव्हती. १४९७ मध्ये पोर्तुगालमधल्या ज्यूंना सरसकट ख्रिस्ती करण्यात आलं. अशा लोकांना नवख्रिस्ती म्हणत. म्हणजे गार्सिया जन्मला तो कागदोपत्री कॅथलिक म्हणूनच.

सालामांका आणि आल्काला या स्पॅनिश विद्यापीठांत तो शिकला, गावात काही काळ डॉक्टरकी केली, लिस्बनला गेला, विद्यापीठात शिकवू लागला, राजाच्या दरबारातही पोहोचला. आणि मार्च १५३४ मध्ये हे सगळं सोडून मार्तिम आफोन्सो द सोझा या आरमारप्रमुखाचा डॉक्टर म्हणून जहाजावर चढला. सप्टेंबरमध्ये तो गोव्यात उतरला. विद्यापीठातली नोकरी सोडून कुणी सहा महिन्यांच्या अशा प्रवासाला का निघेल? नव्या वनस्पती पाहायची हौस त्याला होती, यात शंका नाही. पण दुसरीही एक तारीख आहे: १५३६ मध्ये पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय सुरू झालं. ते येणार याची कुजबुज त्याआधी कितीतरी वर्षं चालू होती.

सुरुवातीची वर्षं तो सोझाबरोबर किनाऱ्यावरच्या मोहिमांत फिरला. मग गोव्यात स्थायिक झाला. मसाल्यांचा आणि रत्नांचा थोडा व्यापार, घराभोवती बाग, आणि पेशंट सगळ्या थरांतले: व्हाइसरॉयपासून बंदरावरच्या खलाशांपर्यंत. पुढे मुंबई बेटच त्याला भाडेपट्ट्याने मिळालं. एशियाटिक लायब्ररीच्या मागे जो जुना किल्ल्याचा भाग आहे, तिथे त्याचं घर होतं असं मानतात. आपल्यातले किती जण त्या पायऱ्यांवर बसून वडापाव खातात!

पण मराठी वाचकाला जास्त जवळचा वाटेल तो त्याचा अहमदनगरचा मुक्काम. पहिला बुऱ्हाण निजामशहा त्याचा पेशंट होता आणि मित्रही. सुलतानाच्या पदरी अरबी-फारसी वैद्यकात मुरलेले हकीम होते. गार्सिया त्यांच्याशी बसून एकेका द्रव्याचं नाव पारखून घ्यायचा: अरबीत काय, फारसीत काय, दख्खनच्या बाजारात काय. मलुपा नावाचा एक हिंदू वैद्य तर त्याच्या पुस्तकात पात्र म्हणूनच येतो. संवाद चालतात ते गार्सिया आणि रुआनो या काल्पनिक मित्रात. रुआनो नुकताच जहाजाने आलेला, गॅलन आणि डायोस्कोरिडीस यांचे ग्रंथ तोंडपाठ असलेला. तो ग्रंथातला आधार देतो. गार्सिया म्हणतो, थांब, ते झाडच इथे आहे, बघूया. मग अंतोनिया नावाची मुलगी बागेतून ते घेऊन येते. स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध तोंड उघडायची माझी हिंमत झाली नसती, अशी कबुलीही तो देऊन टाकतो.

अंतोनिया ही त्याची गुलाम होती. तिला आडनाव नाही, वय नाही, ती येते आणि जाते. पुस्तक वाचताना मला तिच्यासाठी सारखं थांबावंसं वाटलं. कोणती पानं तोडायची हे तिला कुणी शिकवलं असेल, गार्सियाने की तिच्या आईने? पुस्तकाला हा प्रश्न पडलेला नाही.

आता पोटाकडे येते, कारण त्याच्या पुस्तकात पोट जागोजागी आहे. पटकीचं त्याने केलेलं वर्णन हे आशियातल्या या रोगाचं कुणा युरोपीय डॉक्टरने केलेल्या पहिल्या नेमक्या वर्णनांपैकी मानलं जातं: बारीक होत जाणारी नाडी, गार घाम, न भागणारी तहान, खोल गेलेले डोळे, पायात गोळे, आणि एका दिवसात खेळ संपलेला. या रोगाला इथे काय म्हणतात तेही त्याने नोंदवलंय, आणि तो शब्द आपला आहे: मोडशी. आपल्याकडे तो पुढे साध्या अजीर्णापुरता उरला. फ्रेंचांनी मात्र तो ऐकून त्याचं ‘कुत्र्याचं मरण’ अशा अर्थाचं काहीतरी करून टाकलं. शब्दाचं पोट बिघडावं ते असं!

हिंगाची गोष्ट तर सांगायलाच हवी. हिंगाइतका घाणेरडा वास जगात नाही असं गार्सियाचं मत. तरीही भारतभर लोक तो भाजीत घालतात, वाताला आणि भूक लागायला चांगला म्हणतात, हे त्याने प्रामाणिकपणे लिहिलंय. हिंग घातलेली भाजी चाखूनही पाहिली आणि ती त्याला वाईट लागली नाही. विजयनगरमध्ये एका पोर्तुगिजाकडे मोलाचा घोडा होता. घोड्याला वाताचा त्रास, म्हणून राजा तो विकत घेईना. पोर्तुगिजाने पिठात हिंग कालवून त्याला चारला, घोडा बरा झाला, राजाने चांगली किंमत मोजली आणि विचारलं, काय दिलंस? हिंग म्हटल्यावर राजाला त्यात नवल वाटलं नाही, ते देवांचं अन्न आहे असं तो म्हणाला. पोर्तुगीज हळूच आपल्या भाषेत पुटपुटला की हे तर सैतानाचं अन्न. गार्सियाने दोघांचंही म्हणणं लिहून ठेवलंय.

आणि चोपचिनी. तिची हकीकत जरा गुंतागुंतीची आहे. युरोपात पंधराव्या शतकाच्या शेवटी उपदंश हा रोग पसरला. पोर्तुगीज जहाजांबरोबर तो भारतात आला, इथून पूर्वेला चीनपर्यंत गेला. आपल्या वैद्यांनी त्याला सरळ फिरंगरोग असं नाव दिलं. भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या सोळाव्या शतकातल्या ग्रंथात ते आहे. त्यावर चिनी वैद्य तिथल्याच एका काटेरी वेलीचं मूळ उकळून देऊ लागले. तेच मूळ गलबतांनी उलट दिशेने निघालं आणि १५३५ च्या सुमारास भारतातल्या पोर्तुगिजांना ठाऊक झालं. म्हणजे रोग ज्या वाटेने गेला, औषध त्याच वाटेने परत आलं. भावमिश्र त्याला द्वीपांतर वचा म्हणतो, दुसऱ्या देशातलं वेखंड. फारसीत चोब म्हणजे लाकूड, म्हणून चोबचिनी, त्याचं आपलं चोपचिनी.

आधी यावर अमेरिकेतून आलेल्या ग्वायाकम नावाच्या लाकडाचा काढा चालायचा, आणि त्याबरोबर इतके कडक उपास की रोगी रोगाने जाईल की भुकेने, हा प्रश्न. चोपचिनीचं पथ्य त्या मानाने सौम्य होतं. देवाने रोगाबरोबर औषधही धाडलं असं गार्सिया मानतो, पण लगेच पुढे जोडतो की बहुतेक डॉक्टर ते देताना चुकतात. त्याच काळात युरोपात सम्राट पाचवा चार्ल्स गाठींच्या दुखण्यासाठी हेच मूळ घेत होता, आणि शरीरशास्त्रज्ञ व्हेसालियसने १५४६ मध्ये त्यावर एक पुस्तक लिहून त्याच्या गुणाबद्दल बरीच शंका व्यक्त केली. आणि चीनमध्ये गार्सियाचा समकालीन म्हणावा असा ली शिझेन आपला प्रचंड औषधिकोश रचत होता. तो १५९६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्यातही हे मूळ आहे, याच रोगासाठी.

चीनमध्ये आजही ते सूपमध्ये पडतं, ओल काढणारं म्हणून. दक्षिण चीनमधल्या एका काळ्या औषधी जेलीत तो मुख्य घटक असतो. हैदराबादला माजून चोबचिनी हे युनानी औषध मिळतं. चारमिनारजवळच्या निजामिया तिब्बी कॉलेजच्या परिसरात विचारलं तर कुणीही सांगेल. पण हार्मोन कुठून आले? तो दुवा विसाव्या शतकातला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने याच कुळातल्या सार्सापरिला या मुळीतल्या द्रव्यापासून आणि मग मेक्सिकोतल्या रानकंदापासून प्रोजेस्टेरॉन तयार केलं. गर्भनिरोधक गोळ्यांचा रस्ता तिथून पुढे गेला. मात्र ते रूपांतर प्रयोगशाळेत होतं. चूर्ण खाऊन आपलं शरीर ते करू शकत नाही. हे मी बहिणीला सांगितलं. तिने पुडी बंद केली, पेज चालू ठेवली, डॉक्टरांच्या गोळ्याही चालू ठेवल्या. गार फ्रिजचं पाणी मात्र आता घरात कुणालाच मिळत नाही.

‘चिनी’ या शेपटावर गार्सियाने फार पूर्वी बोट ठेवलं होतं. दालचिनीचं फारसी नाव ऐकून लोकांना वाटतं ती चीनमधली. तो समजावतो की चिनी जहाजं ती होर्मुझच्या बाजारात आणून विकत, म्हणून इराणी लोकांनी तिला चीनचं लाकूड म्हटलं. उत्तम दालचिनी सिलोनची. उलट रेवाचिनी, जी तेव्हा युरोपभर पोट साफ करायला देत, ती खरोखरच चीनमधून येते. कोणती वस्तू खरंच कुठून येते, कोणत्या गलबतात चढते, कुणाच्या हातून जाते, हे त्याला नेमकं हवं असे. सगळंच त्याला पारखता आलं असं नाही. बेझोआर नावाच्या, बकऱ्यांच्या पोटात सापडणाऱ्या खड्यांवर त्याचा चांगला विश्वास होता.

इतकं सगळं उघड्या डोळ्यांनी पाहून उघडपणे लिहिणारा हा माणूस स्वतःबद्दल मात्र काहीच लिहीत नाही. पुस्तकात तो चारचौघांसारखा ख्रिस्ती आहे. त्यामागे काय होतं ते आता सांगते, आणि हा भाग लिहिताना माझा हात अडखळतो, कारण यातली संस्था माझी आहे.

१५४३ मध्ये गोव्यात जेरोनिमो दियास नावाच्या एका नवख्रिस्ती डॉक्टरला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल मारून जाळण्यात आलं. त्या वेळी गव्हर्नर होता गार्सियाला घेऊन आलेला तोच सोझा. एवढ्याशा शहरात एक डॉक्टर दुसऱ्याला ओळखत नसेल हे मला पटत नाही. १५४७ मध्ये गार्सियाच्या बहिणींना लिस्बनला इन्क्विझिशनने पकडलं; त्या सुटल्या आणि आईसह गोव्याला त्याच्याकडे आल्या. तो खटपट करून कुटुंबाला आगीपासून दूर आणत होता आणि आग मागून येत होती. १५४६ मध्ये गोव्यासाठी इन्क्विझिशन मागणारं पत्र राजाला लिहिणाऱ्यांत संत फ्रान्सिस झेवियर होते. ज्यांच्या शवप्रदर्शनाला माझं सगळं घर वसईहून गेलं होतं, तेच. त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १५६० मध्ये, ते न्यायालय गोव्यात आलं.

गार्सियाने पुस्तक छापलं ते त्यानंतर तीन वर्षांनी. १५६८ मध्ये तो वारला. जिवंत असेपर्यंत त्याला कुणी हात लावला नाही. व्हाइसरॉयचा डॉक्टर असण्याचा तेवढा उपयोग. त्याच्या पाठोपाठ त्याची बहीण कातारिना पकडली गेली. तुरुंगातल्या जबान्यांतून बाहेर आलं की हे घर शनिवार पाळत होतं आणि भाऊसुद्धा आतून ज्यूच होता. त्या जबान्या कशा मिळवल्या जात हे ठाऊक असल्याने त्यातला शब्द न् शब्द खरा धरू नये असं मला वाटतं. कातारिनाला २५ ऑक्टोबर १५६९ रोजी गोव्यात जाळण्यात आलं. मग मेलेल्या गार्सियावर खटला चालला. ४ डिसेंबर १५८० रोजी त्याची हाडं थडग्यातून काढून जाळली.

आपल्या अभ्यासक्रमात ‘ख्रिस्तपुराण’ आहे. फादर थॉमस स्टीफन्स ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरले होते. म्हणजे मराठीची थोरवी गाणारे आपले फादर तेव्हा वर्षभराचे गोवेकर होते. त्यांनी ते पाहिलं की नाही याबद्दल मी काही म्हणत नाही. पण ‘ख्रिस्तपुराणा’तल्या आपल्या भाषेच्या स्तुतीच्या ओव्या आता वाचते तेव्हा ही तारीख डोक्यातून जात नाही. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सत्याच्या नावाखाली ख्रिस्तसभेच्या लोकांनी वापरलेल्या अशा मार्गांबद्दल देवाची क्षमा मागितली. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात हे सांगितलं होतं. नावं सांगितली नव्हती.

पुस्तक मात्र तोपर्यंत निसटलं होतं. १५६७ मध्ये अँटवर्पला क्लुसियसने त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि युरोपने गार्सिया वाचला तो त्यातूनच. त्या संक्षेपात संवाद नाहीत. त्यामुळे रुआनो नाही, मलुपाची गप्पा मारायची ढब नाही, झाड हातात घेऊन येणारी अंतोनियाही नाही. त्या खटल्यांची हकीकत बाहेर यायला १९३४ साल उजाडलं. त्याआधीच्या चरित्रकारांना तो फक्त थोर पोर्तुगीज शास्त्रज्ञ म्हणून ठाऊक होता. पुढे पोर्तुगालने त्याला नाण्यावर आणलं. पणजीत चर्चसमोरच्या बागेला त्याचं नाव आहे.

मूळ १५६३ च्या आवृत्तीच्या थोड्या प्रती जगात शिल्लक आहेत. त्यांच्या मुखपृष्ठावर, छापायला परवानगी देणाऱ्यांत, व्हाइसरॉयबरोबर आणखी एक नाव छापलेलं आहे: आलेशो दियास फाल्काँव, गोव्याच्या इन्क्विझिशनचा पहिल्या दोन न्यायाधीशांपैकी एक.